धूर आहे, अग्नी नाही

न्यायदर्शनातले सर्वांत परिचित अनुमान धुराचे आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी असला पाहिजे. कडाक्याच्या थंडीत जुनी डिझेल मर्सिडीज डब्ल्यू १२३ सुरू करणाऱ्याला मात्र उलटा अनुभव येतो. स्टार्टर फिरतो, मागून पांढरा धूर निघतो आणि इंजिन पेटत नाही.

नैयायिक इथे गोंधळणार नाही. हा धूर नव्हेच, न जळलेल्या डिझेलची वाफ आहे. वाफेला धूर समजून केलेले अनुमान सदोष, असे ही परंपरा फार पूर्वीपासून बजावत आली आहे.

मग प्रीचेंबर तापवणारा ग्लो प्लगच दोषी? अनुमान न मानणारा, प्रत्यक्षच प्रमाण धरणारा चार्वाक लगेच अडवेल, आणि ते अडवणे मोलाचे आहे. कॉम्प्रेशन कमी असले तरी अशीच वाफ येते. म्हणून प्लगची वायर सोडवून मल्टिमीटर लावावा. चांगला प्लग साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी रोध दाखवतो. जळालेल्यात सर्किट तुटलेले असते. या गाडीच्या सुरुवातीच्या मॉडेलांत प्लग एकसर जोडलेले असत, त्यामुळे एक गेला की सगळेच थंड. नंतरच्या पेन्सिल प्लगांची जोडणी समांतर.

प्लग काढताना घाई घातक. इंजिन कोमट असावे, आट्यांत गंज सोडवणारे तेल मुरू द्यावे, पाना थोडा थोडा मागेपुढे फिरवावा. फुगलेले टोक तुटून आत पडले, तर हेड उतरवावे लागू शकते.

नवे प्लग बसवूनही वाफ थांबली नाही, तर आधी प्लगांना वीज देणारा रिले पाहावा, मग कॉम्प्रेशन.