गळ, परवाना आणि मर्यादा

शिरसाडहून वज्रेश्वरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मांडवी, चांदीप, पारोळ ही गावे लागतात. एका अंगास तुंगारेश्वरचे डोंगर, दुसऱ्या अंगास तानसेचे खोरे. तानसेवर १८९२ साली बांधून झालेले धरण मुंबईची तहान भागवते. त्याखालची नदी या शिवारांच्या आसपासून वाहत वैतरणेच्या खाडीकडे जाते. तिच्या डोहांत मरळ आहे, वाम आहे, शिवडे आहेत. खाली खाडीत बोय आणि जिताडा आहे. शहर या दिशेने सरकत असताना सुटीच्या दिवशी गळ घेऊन निघणाऱ्या हौशी मंडळींची पावलेही इकडे वळावीत, यात नवल नाही. ही मंडळी विचारतात ते दोनच प्रश्न: परवाना लागतो का, आणि चांगली जागा कोणती? आम्हांस वाटते, या दोहोंच्या आधी तिसरा प्रश्न विचारला पाहिजे. पोटासाठी नव्हे, केवळ करमणुकीसाठी जिवंत प्राणी गळाला लावण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, आणि असल्यास कोठवर?

प्रथम कायदा पाहू. इंग्लंडात तेरा वर्षांपुढील कोणासही गोड्या पाण्यात गळ टाकण्यासाठी सरकारी परवाना घ्यावा लागतो. जर्मनीत त्यासाठी बहुतेक ठिकाणी परीक्षाही द्यावी लागते. आपल्याकडील कायद्यांचा रोख मुख्यतः व्यवसायावर आणि विध्वंसावर आहे. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने पाण्यात स्फोटके टाकून वा विष कालवून मासे मारणे हा गुन्हा ठरविला. समुद्रासाठी राज्याचा १९८१ चा कायदा आहे; १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. २०२३ साली राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली आणि त्याच वर्षी आपला सरंगा राज्यमासा झाला. धरणे व तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तेथे गळ टाकणाऱ्याने संस्थेची अनुमती घेणे क्रमप्राप्त आहे. तुंगारेश्वर २००३ साली अभयारण्य झाले. त्याच्या हद्दीतील ओढ्यात वनखात्याच्या परवानगीवाचून मासा मारता येत नाही.

इतके असूनही गावाकाठच्या एखाद्या डोहावर रविवारी गळ टाकून बसलेल्या माणसाला हटकणारे सहसा कोणी नसते. कोणी हटकत नाही म्हणून ते योग्य ठरते, असे मात्र नाही. तो डोह कोणाचा? सातबारावर त्याची नोंद शोधून उत्तर मिळणार नाही. या पट्ट्यातील वारली, कातकरी, मल्हार कोळी कुटुंबांसाठी नदीतला मासा हे भाताबरोबरचे कालवण आहे. हौशी माणूस रिकाम्या पिशवीने परतला तर त्याच्या घरी जेवण थांबत नाही. डोहाकाठच्या घरात कालवणाशिवाय भात गिळावा लागतो. एकाची करमणूक आणि दुसऱ्याचे अन्न एकाच पाण्यात असेल, तर अन्नाचा मान पहिला. म्हणून चांगली जागा म्हणजे जेथे मासे पुष्कळ लागतात ती नव्हे. जेथल्या माणसांना विचारून आपण बसलो आहोत आणि जेथे आपल्या बसण्याने कोणाचे ताट हलके होत नाही, ती.

परंतु सारा दोष पाहुण्याच्या माथी मारणेही न्यायाचे नाही. पावसाची पहिली मोठी सर कोसळली की वलगण सुरू होते. पोटात गाबोळी घेऊन मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरांत चढू लागतात. त्या रात्री बत्त्या, पाग आणि बांबूचे सापळे घेऊन अवघा गाव पाण्यात उतरतो. हा आनंद पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे आणि त्याची चव आम्हांसही ठाऊक आहे. तथापि अंडी घालायला निघालेली मासळी वाटेतच उचलली, तर पुढील वर्षी वर चढणार कोण? पूर्वी माणसे थोडी होती, ओढे स्वच्छ होते. काही मासे निसटून जात. आता वाळूउपशाने आणि सांडपाण्याने नदी आधीच खंगली असताना तीच जुनी रीत अधिक महाग पडते. समुद्राला दोन महिन्यांची विश्रांती देणारे आपण ओढ्याला दोन आठवड्यांचीही देत नाही, हे विसंगत आहे.

महाडजवळच्या वाळण कोंडीत मासे पकडले जात नाहीत. ते देवीचे मासे, ही तेथील लोकांची श्रद्धा. तो डोह राखला आहे तो लोकांच्या एकमताने. श्रद्धेचे कारण कोणी मानो वा न मानो, माणसे मनावर घेतील तर काय राखू शकतात, याचे हे उदाहरण आहे.

राहिला प्रश्न माशाच्या वेदनेचा. २००३ साली लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या ओठांजवळ इजेची जाणीव करून देणारे मज्जातंतू असल्याचे दाखविले. ती जाणीव म्हणजे आपल्यासारखी वेदना की नाही, यावर शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे; पण मासा म्हणजे निर्जीव लाकूड, असे आता कोणी निर्धास्तपणे म्हणू नये. येथे गंमतीची गोष्ट अशी, की महसीरसारखा दुर्मीळ मासा पकडला तर तो सोडून देणे हाच आपल्याकडील जाणत्या गळकऱ्यांचा धर्म समजला जातो. उलट स्वित्झर्लंडने २००९ पासून, सोडून देण्याच्याच हेतूने मासा पकडण्यास मनाई केली आहे. एकीकडे जात टिकवण्याची काळजी आहे, दुसरीकडे त्या एका जिवाची. आम्हांस दोन्ही काळज्या रास्त वाटतात. लहान, गाबोळीचा अथवा दुर्मीळ मासा चुकून लागला तर ओल्या हातांनी, अलगद गरी काढून सोडावा. पण छायाचित्रासाठी दिवसभर एकामागून एक मासा ओढून पुन्हा पाण्यात टाकणे, ही दया नव्हे.

गळकऱ्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. तासन्‌तास पाण्याकडे पाहणारा माणूस नदीचा रंग पालटलेला इतरांआधी ओळखतो. पवईच्या तलावावर गळकऱ्यांची संस्था अनेक दशके नांदते आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास चालविली. ज्याला मासा हवा असतो, त्याला नदीही हवी असते. हौस माणसाला रखवालदार करू शकते. तसे होईल तेव्हाच तिचे समर्थन करता येते.

शुभवर्तमानांत जाळी वारंवार येतात. गळ मात्र मत्तयच्या एका प्रसंगात येतो. मंदिराचा कर भरायचा असतो आणि पेत्राला सरोवरात गळ टाकून पहिला येणारा मासा धरण्यास सांगितले जाते. त्याच्या तोंडातील नाण्याने दोघांचा कर भागतो. दुसरा मासा धरल्याचा उल्लेख तेथे नाही. एक देणे होते, ते एका माशाने फिटले.

तानसेच्या काठी गळ घेऊन जाणाऱ्यालाही देणे आहे: गावाचे, नदीचे आणि पुढल्या पावसाचे. गावात आधी विचारावे, वलगणीत गळ घरी ठेवावा, घरच्यांच्या जेवणापुरते मिळाले की उठावे. एवढे पाळणाऱ्याला तेथे बसताना संकोच वाटण्याचे कारण नाही. ज्याला एवढेही जड वाटते, त्याने सरकारी कागद खिशात असला तरी दुसरी करमणूक शोधावी.