मनःशांती म्हणे!

हसू नका. उभे राहा, चौघेही. पुण्यात नोकरीला लागलात, मिशा फुटल्या, पगार सुरू झाला, म्हणून माझ्यासमोर टेकून बसायची सवलत मिळत नाही. आणि तू, मोबाइल खाली ठेव. बोलणं तुझ्याशीच आहे.

सुट्टीला गावी आलात, आईच्या हातचे दोन घास निवांत खाल्ले असते तर काही बिघडलं नसतं. पण तुम्हाला 'रिलॅक्स' व्हायचं होतं. शनिवारी देऊळगाव राजातून गाडी काढली, सिंदखेडराजा मागे टाकलं, लोणारला एक मुक्काम ठोकला आणि रविवारी संध्याकाळी परत. स्टेटसला सरोवर, खाली लिहिलंय 'मनःशांती'. नातीनं दाखवलं मला. त्या शांतीत गाणं इतक्या मोठ्यानं वाजतंय की तुमचंच बोलणं ऐकू येत नाही. कमळजा देवीच्या देवळाच्या वाटेवरच्या झाडीत ब्लूटूथ स्पीकर! ते अभयारण्य आहे, राजेहो. २००० सालापासून आहे. तिथे मोर आहेत, वानरं आहेत, आणि वानरांना तुम्ही वेफर्स दिलेत, तेही त्या व्हिडिओत दिसतंय. पुरावा स्वतःच टाकायचा आणि वर लाइक मोजायचे, ही अक्कल कोणत्या इयत्तेत शिकवली मी?

गोमुखाच्या धारेचं बोलू. कड्यातून बारा महिने गोडं पाणी पडतं तिथे. त्या धारेखाली उभं राहून तू तोंडाला फेसवॉश लावलास. शाम्पूची फाडलेली पुडी कुंडाच्या दगडावर तशीच. ते पाणी पुढे कुठे जातं, हा प्रश्न पडला का? उतारानं खाली सरोवरात जातं. आणि सरोवराचं पाणी कसलं? विज्ञानात तुला किती गुण होते ते मला आठवतंय, म्हणून मीच सांगतो. अल्कधर्मी, सामू दहाच्या आसपास. हळदीचा कागद बुडवला तर कुंकवासारखा लाल होतो. वर्गात साबणाच्या पाण्यात करून दाखवला होता तोच प्रयोग. तिथे तो निसर्गानं मांडून ठेवलाय. त्या खारट पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव जगात सगळीकडे सापडत नाहीत. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा लोक चमत्कार म्हणून धावले. पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासले, तर तो रंग हॅलोआर्किया नावाच्या खारप्रिय जीवांचा निघाला. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला होता. त्याच वर्षी सरोवराला पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत जागा मिळाली. आणि तुमची तक्रार काय? 'पाणी गुलाबी नव्हतं, फोटोला मजा नाही आली.' तुमच्या फोटोसाठी सरोवरानं रंग बदलायचा काय रे?

काळ्या बेसाल्ट खडकात उल्केच्या आघातानं पडलेलं हे विवर आहे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. वय विचाराल तर एका पद्धतीनं पन्नासेक हजार वर्षं निघतं, दुसरीनं साडेपाच लाखांच्या वर. शास्त्रज्ञ अजून वाद घालताहेत. एवढ्या जुन्या वस्तूपाशी तुम्ही थांबलात किती वेळ? काठावर गाडी लावली, पाठ सरोवराकडे केली, फोटो काढला, चहा कुठे मिळतो ते विचारलं.

लोणार गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात तरी काय केलंत? आत अंधार असतो, म्हणून मोबाइलची बॅटरी लावलीत. बरं केलंत. पण उजेड टाकला स्वतःच्या तोंडावर! तीच बॅटरी वर, छताकडे धरली असती तर लवणासुराचा वध दिसला असता, कंसाचा दिसला असता, हिरण्यकशिपूचा दिसला असता. कोण्या कारागिरानं मान मोडेस्तोवर वर पाहत ते दगडात कोरलं. आणि तुमच्यानं दोन मिनिटं मान वर झाली नाही.

यावर तू म्हणालास, 'सर, आम्ही आध्यात्मिक ट्रिपलाच गेलो होतो.' हा शब्द माझ्यासमोर पुन्हा काढू नकोस. तुझ्याच तालुक्यात मेहुणा राजा आहे, संत चोखोबांचं जन्मगाव. खडकपूर्णेच्या धरणाला चोखासागर म्हणतात ते त्यांच्याच नावानं. तिथे तुम्ही हुरडा खायला जाता, हे मला ठाऊक आहे. गावात कधी गेलात? त्या माणसाला पंढरीच्या देवळात पाऊल टाकू दिलं नाही. समाधीसुद्धा महाद्वारासमोर, बाहेर. तरी आयुष्यभर त्यानं विठ्ठलाचा धावा सोडला नाही. तुम्हाला आज सगळी दारं सताड उघडी, आणि तुम्ही आत जाऊन दोन मिनिटांत बाहेर! कशासाठी, तर जेवणाची ऑर्डर थंड होते म्हणून.

दमता तुम्ही, ते मला समजतं. दिवसभर स्क्रीनसमोर डोळे फोडून घेता, रात्री उशिरापर्यंत मीटिंगा चालतात. विश्रांती हवीच. ती मागितली म्हणून मी रागावलेलो नाही. पण पुण्यातला सगळा गोंगाट डिकीत भरून लोणारला नेला आणि तिथे उतरवला, ह्याला विश्रांती म्हणता? सोमवारी सकाळी, जाताना होतात त्यापेक्षा जास्त थकून उठलात, हे तुझ्या आईनंच मला सांगितलं. उगाच तिच्याकडे डोळे वटारून पाहू नकोस.

आता शिक्षा. पुढच्या रविवारी पहाटे सहाला बसस्टँडवर हजर व्हायचं. गाडी नाही, एसटीनं जायचं. स्पीकर, फेसवॉश, वेफर्स घरी ठेवायचे. पायात नीट बूट हवेत, कारण विवरात उतरायचं आहे आणि चढून यायचं आहे. हळदीत भिजवून वाळवलेले कागद प्रत्येकानं स्वतः करून आणायचे. विकत मिळतात का, असं विचारणाऱ्यानं दुप्पट आणायचे. कमळजेपाशी सासू-सुनेची विहीर आहे. तिच्यात एका बाजूला गोडं आणि एका बाजूला खारं पाणी आहे, असं लोक सांगतात. खरं की खोटं, ते कागद बुडवून तुम्ही मला सांगायचं. आणि एक मोठं पोतं. धारेजवळच्या पुड्या तुम्ही चौघं वेचणार आहात, तुमच्याही आणि दुसऱ्यांच्याही. पोतं कोण उचलणार ते आत्ताच ठरवा, तिथे जाऊन एकमेकांची तोंडं पाहत बसायचं नाही.