बारालाचाच्या अलीकडे

दोन माणसे लांबच्या प्रवासाला निघाली म्हणजे सामान वाटून घेतात. तंबू एकाने, स्टोव्ह दुसऱ्याने. पैशांचा हिशेब एकाने, नकाशा दुसऱ्याने. परंतु स्वतःच्या दुखण्याचे काय करायचे, ते सोबत्याच्या कानावर घालायचे की मुकाट्याने आपल्याच पाठीवर वाहून न्यायचे, हे निघताना कोणी ठरवीत नाही. तो प्रश्न वाटेतच उभा राहतो, आणि बहुधा अशा ठिकाणी, की जिथे विचार करायला सवड नसते. माझ्यापुढे तो १९९७ सालच्या सप्टेंबर महिन्यात उभा राहिला. आम्ही दोघांनीही तेव्हा त्याचे चुकीचे उत्तर दिले. आज तोच प्रश्न निराळ्या वेषात माझ्या दारी आला आहे, म्हणून ही जुनी गोष्ट उकरून काढतो आहे.

आम्ही दोघे वसईचे. एकाच शाळेच्या बाकावर वाढलो. पुढे तो रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर झाला, मी बँकेत कारकून. त्याच्याजवळ साडेतीनशे सीसीची जुनी बुलेट होती आणि तिच्यावर बसून लेहला जायचे वेड त्याला कित्येक वर्षांपासून लागले होते. मला मोटारसायकलचे प्रेम बेताचे. पण त्याच्या वेडाचे होते. घरच्यांची बोलणी खाऊन एकदाची रजा जमली. एकच गाडी, मागे बांधलेला कॅनव्हासचा तंबू, रॉकेलचा स्टोव्ह, तांदूळ, सुक्या बोंबलांची एक पुडी. अहमदाबाद, उदयपूर, जयपूर, दिल्ली असे करीत, कधी पेट्रोल पंपाच्या आडोशाला तंबू ठोकून तर कधी ढाब्यावरच्या बाजेवर पाठ टेकून आम्ही सुमारे दोन हजार किलोमीटर तोडले आणि मनालीला पोहोचलो. तोवरच्या प्रवासात सांगण्यासारखे काही घडले नाही. सुखाचे दिवस असेच पुसट होऊन जातात.

मनालीची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन हजार मीटर. तिथे एकच रात्र काढून आम्ही ३,९७८ मीटरचा रोहतांग ओलांडला. आता डोंगराच्या पोटातून अटल बोगदा आहे. २०२० साली तो खुला झाला आणि लाहौलमध्ये उतरायला रोहतांग चढावाच लागतो असे राहिले नाही. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. चंद्रा आणि भागा या नद्यांच्या संगमावर तांडी नावाचे ठिकाण आहे. तिथल्या पंपावर, पुढचा पंप ३६५ किलोमीटर अंतरावर असल्याची पाटी होती. आम्ही टाकी आणि दोन कॅन काठोकाठ भरून घेतले आणि दारचाला नदीकाठी तंबू ठोकला.

दारचा ३,३६० मीटरवर. त्या रात्री ढाब्यावर त्याने राजमा-भाताचे ताट जवळजवळ तसेच सारले. सकाळी हेल्मेट डोक्यात घालताना त्याने दोन्ही हातांनी ते इतके सावकाश उतरवले, की जणू आत काही काचेचे होते. मी पाहिले. पाहून विचारले, "डोकं दुखत नाही ना?"

"छे रे. झोप झाली नाही, एवढंच. चल."

वाचकहो, त्या एका अक्षरावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. मराठीतला हा 'ना' मोठा धूर्त आहे. तो प्रश्नही विचारतो आणि कोणते उत्तर हवे तेही समोरच्याच्या हातात ठेवतो. मला लेहला जायचे होते. निघताना नव्हते तेवढे आता होते. वेड संसर्गजन्य असते. त्याने खोटे सांगितले हे खरे, पण खोटे मागितले मी.

बारालाचाच्या चढावर गाडी दमली. उंचीवर हवा विरळ होते. कार्ब्युरेटर मात्र पेट्रोल सपाटीच्याच मापाने सोडत राहतो, म्हणून इंजिन धुराने कोंडते आणि ताकद गमावते. त्याने रस्त्याच्या कडेला बसून प्लग साफ केला. तरी तीव्र वळणांवर मागच्याने उतरून चालावे लागे. चालवण्याची पाळी माझी होती, म्हणून चालला तो. दोनतीनदा "तू बस, मी चालतो" म्हणालो. त्याने हात हलवला. सूरजतालच्या निळ्या पाण्यापाशी तो बराच वेळ पाठमोरा उभा होता. मला वाटले, पाहतो आहे. तो ओकत होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

घाट ४,८९० मीटरचा. पलीकडे उतरून संध्याकाळी सरचूच्या माळावर पोहोचलो. सरचूची उंची सुमारे ४,३०० मीटर. तिथे हवेचा दाब सपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो आणि पाणी ८६ अंशांच्या जवळपासच उकळते. भात शिजेना. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचएकशे मीटरहून अधिक वाढवू नये, असे जाणकार सांगतात. आम्ही एका दिवसात जवळजवळ दुप्पट वाढवली होती. पण सरचूचा खरा धोका तिच्या उंचीत नाही, जागेत आहे. पुढे लेहकडे जावे तर तिच्याहून उंच घाट, मागे परतावे तर बारालाचा. तिथे आजारी पडलेल्या माणसाला खाली उतरण्यासाठी आधी वर चढावे लागते. दारचाला त्याने "डोकं फुटतंय" एवढे दोन शब्द उच्चारले असते, तर एक दिवस तिथेच थांबून किंवा तासाभरात केलाँगला उतरून काम भागले असते.

रात्री तो तंबूच्या दोऱ्या बांधायला बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. बॅटरी घेऊन पाहतो तो खुंटीशी बसलेला. ज्या माणसाची बोटे अंधारात कार्ब्युरेटर खोलत, त्याला गाठ मारता येईना. उठवून चालायला लावले तर पाय तिरपे पडू लागले. मला "विरारची गाडी गेली का?" असे त्याने अगदी शांतपणे विचारले, तेव्हा माझ्या हातापायांतले बळ गेले. पहाटे मनालीकडे रिकामा परतणारा एक ट्रक थांबला. चालकाने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि पैशांची गोष्टही न काढता त्याला केबिनमध्ये घेतले. बुलेट मागे हौद्यात आडवी केली. बारालाचा पुन्हा चढताना मी त्याचा श्वास मोजत होतो. केलाँगच्या रुग्णालयात प्राणवायू मिळाला, दोन दिवसांत तो माणसांत आला. लेह आम्ही आजतागायत पाहिलेले नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्यावर भडकलो. का लपवलेस, म्हणून. त्याने खिडकीबाहेर पाहत सांगितले, "तुझा आनंद मोडावासा वाटला नाही. आणि खरं सांगू? मला वाटलं, तुला कळलंय, पण तुला जायचंय."

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या नवव्या भागात मैत्रीविषयी लिहिताना एक सूक्ष्म गोष्ट नोंदली आहे. आपल्या सुखात मित्राला तत्परतेने बोलवावे, दुःखात मात्र त्याला बोलावताना कचरावे, कारण आपल्या पीडेचा वाटा दुसऱ्याला देणे उदार मनाला रुचत नाही. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हे माझ्या मित्राचेच समर्थन वाटले. पण तो पुढे म्हणतो की दुसऱ्या बाजूने नियम उलटा आहे: मित्र संकटात असेल तर न बोलावता, आणि तत्परतेने, जावे. म्हणजे एकाचे मौन शोभते ते दुसऱ्याच्या जागेपणावर. आमच्यात पहिल्याने आपले काम चोख केले होते. झोपा काढल्या त्या मी.

तरीही त्याला मी संपूर्ण दोषमुक्त करीत नाही. त्याने माझा आनंद वाचवला असे त्याला वाटले; वास्तविक त्याने माझी निवड काढून घेतली. दारचाला मी काय केले असते, थांबलो असतो की कुरकुरलो असतो, हे आता कोणालाच कळणार नाही. चांगला मित्र ठरण्याची संधी असते तशीच वाईट ठरण्याचीही असते, आणि तीही माणसाची स्वतःची असते. प्रेमापोटी लपवणाऱ्याच्या मनात, न कळत का होईना, समोरच्याविषयी एक अविश्वास असतो: याला हे पेलणार नाही.

आता त्या निराळ्या वेषाविषयी. गेल्या पावसाळ्यात त्याच्या पोटात दुखू लागले. मोठ्या मुलाने तपासण्या करवल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, तोही पसरलेला. घरात त्याला 'आतड्याला सूज' असे सांगितले आहे. वहिनींनी मला विहिरीपाशी गाठून हात जोडले. "भाऊजी, तुम्ही काही बोलू नका. त्यांना कळलं तर ते जेवणच सोडतील. आशेवर चाललंय ते चालू दे."

वहिनींचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. रात्री त्याच्या उशाशी बसतात त्या. मी आठवड्यातून एकदा जातो आणि तत्त्वे घेऊन जातो. शिवाय सरचूचा धडा इथे लागू पडतोच असेही नाही. तिथे सत्य कळून खाली उतरता येत होते. इथे उतरायला जागा कुठे आहे?

संत ऑगस्टीननेही हा पेच टाळलेला नाही. इ.स. ४२०च्या सुमारास असत्याविरुद्ध लिहिलेल्या आपल्या पुस्तकात तो असाच एक रुग्ण समोर ठेवतो. त्याचा मुलगा वारला आहे, त्याला ते ठाऊक नाही, आणि तो विचारतो, मुलगा कसा आहे? 'जिवंत आहे' आणि 'मला माहीत नाही' ही दोन्ही उत्तरे खोटी. खरे उत्तर कदाचित त्याचा प्राण घेईल. असे सत्य सांगणे किती निर्दय दिसते हे ऑगस्टीन कबूल करतो, आपलेही मन हलते हे लपवीत नाही, आणि तरी खोट्याला परवानगी देत नाही. त्याची ही कठोरता मला पुष्कळ वर्षे पटली नव्हती. मात्र तो आणखी एक भेद करतो, तो मी मनाशी धरून ठेवला आहे: सत्य झाकून ठेवणे वेगळे आणि खोटे बोलणे वेगळे.

मला अडते ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. त्याचा धाकटा भाऊ चार घरे सोडून राहतो. वाडीच्या बांधावरून दोघांत अबोला आहे, त्याला कैक वर्षे झाली. परवा मित्र म्हणाला, "यंदा बरा झालो की नाताळात त्याच्याकडे जाईन म्हणतो." त्याच्यापाशी किती दिवस आहेत हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, ज्याचे दिवस आहेत त्याला तेवढे सोडून. तो अजून बारालाचाच्या अलीकडे आहे आणि आम्ही सारे मिळून त्याला "काही नाही, चल" म्हणत आहोत.

वहिनींना मी एवढेच सांगितले, की मी होऊन विषय काढणार नाही, पण त्याने विचारले तर खोटे बोलणार नाही. त्या काही बोलल्या नाहीत. मात्र मी गेलो की चहा पाठवायच्या, तो पाठवायचे थांबल्या. मला राग आला नाही.

दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही पत्ते खेळतो. पाच गुरुवार त्याने काही विचारले नाही. मला संशय येऊ लागला, की त्याला सारे कळले आहे आणि दारचाला केले तेच तो पुन्हा करतो आहे. माझा, वहिनींचा, मुलांचा आनंद मोडू नये म्हणून.

गेल्या गुरुवारी पाने वाटता वाटता त्याने मान वर न करता विचारले, "बरा दिसतोय ना रे मी?"

मी म्हणालो, "नाही."

त्याने हातातली पाने खाली ठेवली आणि मला उठून दार लोटून घ्यायला सांगितले.