कारखाना नसलेल्या गावाचा आधुनिक इतिहास

आधुनिक जगाचा इतिहास मांडताना औद्योगिकीकरण, राजकीय क्रांती आणि साम्राज्यवाद या तीन प्रक्रिया बहुधा एका ठरावीक क्रमाने सांगितल्या जातात: इंग्लंडात यंत्रे येतात, फ्रान्समध्ये राजसत्ता कोसळते आणि या दोहोंतून बळ मिळालेली युरोपीय राष्ट्रे उरलेल्या जगावर सत्ता बसवतात. लंडन किंवा पॅरिस हे केंद्र धरले तर हा क्रम बरोबर दिसतो. परंतु बीड जिल्ह्यातील धर्मापुरी हे गाव केंद्रस्थानी ठेवून तोच इतिहास वाचला, तर तो जवळजवळ उलटा होतो. चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिरामुळे अभ्यासकांना परिचित असलेले हे गाव एकोणिसाव्या शतकात निजामाच्या हैदराबाद राज्यात होते. तेथे साम्राज्यवाद आधी आला आणि तोही तह व कर्ज यांच्या वाटेने. औद्योगिक क्रांती आली ती कारखान्याच्या रूपाने नव्हे, तर दूरच्या कारखान्यांच्या मागणीच्या रूपाने. आणि राजकीय क्रांती सर्वांत शेवटी, विसाव्या शतकाच्या मध्यावर आली. मराठवाड्याला ‘मागास’ म्हणताना हा प्रदेश आधुनिक जगाच्या बाहेर राहून गेला असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात तो त्या जगाच्या आतच होता, आणि त्याला त्या जगात नेमून दिलेली जागाच अशी होती की त्याने मागे राहावे.

फ्रेंच राज्यक्रांतीचा आणि बालाघाटाच्या डोंगरपट्ट्याचा संबंध लावणे वरकरणी ओढूनताणून केल्यासारखे वाटेल, पण तो संबंध थेट आहे. मार्च १७९५ मध्ये आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा येथे मराठ्यांनी निजाम अली खानाचा पराभव केला. या युद्धात गव्हर्नर जनरल सर जॉन शोर याने तटस्थ राहणे पसंत केले होते. त्यामुळे इंग्रजांवरचा विश्वास उडालेल्या निजामाने रेमंड या फ्रेंच सेनानीच्या हाताखालील पलटणी वाढवल्या आणि त्यांची संख्या सुमारे चौदा हजारांवर गेली. त्या वेळी फ्रान्समध्ये प्रजासत्ताक होते, इंग्लंडशी त्याचे युद्ध चालू होते आणि १७९८ च्या जुलैमध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला. नवा गव्हर्नर जनरल वेलस्ली याला दख्खनमधील या पलटणी क्रांतीच्या हस्तक वाटल्या, किंवा तसे वाटते असे म्हणणे त्याला सोयीचे ठरले. १ सप्टेंबर १७९८ रोजी निजामाशी तैनाती फौजेचा तह झाला आणि ऑक्टोबरमध्ये फ्रेंच पलटणी निःशस्त्र करण्यात आल्या. तैनाती फौज म्हणजे देशी राजाच्या खर्चाने त्याच्या राज्यात राहणारी आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या हुकमतीखाली चालणारी फौज. ज्याने पगार द्यायचा त्याचा हुकूम चालायचा नाही, ही या व्यवस्थेची खुबी होती. पॅरिसमध्ये राजाचे मस्तक उडाले आणि त्याच्या परिणामांच्या साखळीत दख्खनमधील एका राजाचे सिंहासन मात्र पुढची दीडशे वर्षे इंग्रजी संगिनींच्या आधाराने पक्के झाले. क्रांतीने दूरच्या देशात प्रतिक्रांतीला कसे बळ दिले, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

या व्यवस्थेचा अनुभव बीड परिसराला लवकरच आला. १८१८ मध्ये, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच वर्षी, धर्माजी प्रतापराव याने बीड भागात बंड केले, तेव्हा ते मोडण्यासाठी आलेल्या निजामी फौजेचे नेतृत्व सदरलंड या इंग्रज अधिकाऱ्याकडे होते. पुढे ‘हैदराबाद कंटिंजंट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या फौजेची एक छावणी अंबाजोगाईत, त्या काळच्या मोमिनाबादेत, होती. ही फौज तहातील तरतुदींपलीकडची होती, तरी तिचा खर्च निजामाच्याच माथी होता. तो भागवण्यासाठी पामर आणि कंपनी या हैदराबादेतील पेढीकडून जबर व्याजाने कर्जे काढली गेली, नंतर खुद्द ईस्ट इंडिया कंपनीच सावकार झाली, आणि अखेर २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिवचा मुलूख कंपनीच्या कारभाराखाली गेला. १८५७ मधील निष्ठेचे बक्षीस म्हणून १८६० मध्ये कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र मिळाले नाही.

वऱ्हाडच का राहिले, याचे उत्तर हिशेबाच्या वह्यांपेक्षा काळ्या जमिनीत शोधणे बरे. वऱ्हाड हा हैदराबाद राज्यातील कापसाचा सर्वोत्तम मुलूख होता, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेखेरीज दुसरीकडून कापूस हवा होता. तहाच्या महिनाभर आधी, १६ एप्रिल १८५३ रोजी, मुंबई ते ठाणे रेल्वे धावली होती आणि पुढच्याच वर्षी कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची उभारणी हाती घेतली. कर्ज, रूळ आणि गिरणी या तीन गोष्टी इतक्या कमी अवधीत एकत्र याव्यात, हा योगायोग मानणे भाबडेपणाचे होईल. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने तिकडचा पुरवठा तुटला, तेव्हा कापसाचे भाव भडकले. युद्ध संपताच ते कोसळले. ज्या शेतकऱ्याने अमेरिकेचे नावही ऐकले नसेल, त्याच्या घरातील धान्य आणि सावकाराकडील देणे आता त्या देशातील लढायांवर ठरू लागले. औद्योगिकीकरणाची व्याख्या केवळ यंत्राने होणारे उत्पादन एवढीच केली, तर हा शेतकरी तिच्या बाहेर राहतो. परंतु यंत्राला लागणारा कच्चा माल, त्याचा भाव आणि त्यासाठी बदललेली पीकपद्धती हेही त्याच प्रक्रियेचे अवयव मानले, तर तो तिच्या मध्यभागी येतो.

रेल्वेच्या बाबतीत बीडच्या वाट्याला वेगळीच उपेक्षा आली. १९०० च्या सुमारास सुरू झालेला मनमाड–सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्याचा मार्ग औरंगाबाद, जालना, परभणी अशा गावांवरून, म्हणजे गोदावरीच्या उत्तरेकडून गेला. सरकी काढणारे आणि गाठी बांधणारे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने त्या मार्गालगत उभे राहिले. दक्षिणेकडचा बालाघाट बैलगाडीवरच राहिला, आणि ज्या काळात हे रूळ टाकले जात होते त्याच १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळात बीड जिल्हा होरपळत होता.

राजकीय क्रांतीचे बीज मात्र या मुलखात औद्योगिक मुंबईतूनच आले. व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच पुढे स्वामी रामानंद तीर्थ, यांनी मराठवाड्यात येण्यापूर्वी ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम केले होते. हिप्परग्याच्या आणि त्यानंतर अंबाजोगाईच्या शाळेत त्यांनी शिक्षकी केली. अंबाजोगाईतील या कामात बाबासाहेब परांजपे त्यांच्यासोबत होते. कामगार नसलेल्या प्रदेशात संघटनेची पहिली जागा शाळा ठरावी, हे स्वाभाविक होते. १९३८ मध्ये स्थापन होत असलेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिच्या जन्माआधीच बंदी आली. दहा वर्षांनी, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत, भारतीय सैन्याच्या कारवाईने निजामी सत्ता संपली. त्याआधीचे रझाकारांचे अत्याचार मराठवाड्याच्या स्मरणात पक्के आहेत. कारवाईनंतर विशेषतः धाराशिव, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत मुस्लिम रयतेची जी कत्तल झाली आणि जिची नोंद पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली, तिचा उल्लेख मुक्तिदिनाच्या भाषणांत अभावानेच होतो. क्रांतीच्या इतिहासात असे मौन नवे नाही. फ्रान्सनेही व्हाँदे प्रांतातील हत्याकांड दीर्घकाळ असेच बाजूला ठेवले.

खरा सामाजिक बदल कारवाईनंतर आलेल्या लष्करी राज्यपालांच्या नियमावलीने घडवला. हैदराबाद राज्याचा सुमारे ४० टक्के मुलूख जहागिरींत आणि सर्फ-ए-खासमध्ये, म्हणजे निजामाच्या खासगी मालकीत, विभागलेला होता. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरदारी रद्द झाली आणि १९५० च्या कुळकायद्याने कसणाऱ्याचे हक्क नोंदवले गेले. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री फ्रेंच राष्ट्रसभेत सरंजामदारांनी आपले विशेषाधिकार सोडले, त्यामागे खेड्यापाड्यांत पेटलेल्या उठावांची धास्ती होती. हैदराबादेतही तेलंगणातील शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा पार्श्वभूमीला होता, पण निर्णय सभागृहात नव्हे, लष्करी कार्यालयात झाला. त्यामुळे मराठवाड्यातील रयतेला जमिनीचा हक्क मिळाला, तरी तो आपण घेतला ही जाणीव तेवढ्या प्रमाणात मिळाली नाही.

यानंतर यंत्रही आले. परळीचे औष्णिक विद्युत केंद्र १९७१ मध्ये सुरू झाले आणि धर्मापुरीच्या परिसरात प्रथमच मोठा उद्योग उभा राहिला. त्याचा कोळसा दुरून येतो, आणि पाण्याअभावी २०१५ मध्ये ते बंद ठेवावे लागले. मात्र बीड जिल्ह्याचे औद्योगिक जगाशी मुख्य नाते आजही वीज केंद्रामुळे नव्हे, तर कोयत्यामुळे आहे. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरली जाते, आणि हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ती जोडी काम करते. ही उचल व्यवहारात कर्जच असते, आणि हंगाम संपताना ती फिटली नाही तर पुढच्या हंगामाचे बंधन होते. तोडणी कामगार कारखान्याचा नव्हे, मुकादमाचा माणूस ठरतो. म्हणून गिरणी कामगारांनी शतकभर झगडून मिळवलेली हजेरीपट, भविष्य निर्वाह निधी आणि अपघाताची भरपाई ही संरक्षणे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि आजारपणात पडलेल्या खाड्याचे पैसेही त्याच्याच खात्यावर उचलीत मांडले जातात.