दंड कोणाला?

रामनवमीला आम्ही पोहरादेवीस गेलो होतो. वाशीम जिल्ह्यातले हे क्षेत्र म्हणजे बंजारा बांधवांची काशी. जगदंबेचे ठाणे येथे आणि संत सेवालाल महाराजांची समाधीही येथेच. नगारा घुमत होता, लांबलांबचे तांडे दर्शनाला लोटले होते. फराळाच्या वेळी आमच्या मंडळीतला पितळी लोटा सापडेना. शेजारी एक वृद्ध बंजारा माउली बसली होती. तोंडाने कोणी काही बोलले नाही; पण आम्हा सर्वांचे डोळे तिच्याकडेच वळले. तिला ते कळले. ती उठली आणि तिने मुकाट्याने आपले गाठोडे आमच्यापुढे सोडले. लोटा मागाहून निघाला तो आमच्याच पडशीतून! क्षमा मागावी म्हणून पाहतो, तो माउली गर्दीत निघून गेलेली.

ही दृष्टी आमच्यात आली कोठून? बंजाऱ्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य देशभर पोचविले. मोगलांच्या, मराठ्यांच्या, पुढे इंग्रजांच्याही फौजांना त्यांच्याच तांड्यांनी रसद पुरविली. पुढे आगगाडी आली नि लदेणीचा धंदा बसला. अशात 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जमातच्या जमात गुन्हेगार ठरवायची, माणसांची नावे नोंदवायची, त्यांनी हजेरी द्यायची, परवान्यावाचून गाव सोडायचे नाही! कित्येक ठिकाणी लमाण-बंजाऱ्यांवरही हाच शिक्का बसला. पाळण्यातल्या लेकराने कोणती चोरी केली होती? स्वातंत्र्यानंतर 1952 साली तो कायदा रद्द झाला. आज महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींत गणला जातो. विमुक्त म्हणजे सुटलेले. कागदावरून सुटले खरे. आमच्या डोळ्यांतून सुटले काय?

सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने दगडावर कायदे कोरविले. ते फार कडक. पण त्यातला पहिलाच नियम असा की, जो दुसऱ्यावर खुनाचा आरोप करील आणि तो सिद्ध करू शकणार नाही, त्यालाच देहांत शिक्षा. त्या जुन्या काळीही नुसत्या संशयाला एवढी जरब होती.

आणि आपल्या चोखोबांचे काय झाले? देवाच्या गळ्यातला हार चोरल्याचा आळ त्यांच्यावर आला. बैलांना बांधून ओढण्याची शिक्षा झाली. पण देवाने बैल आवरले, असे संतचरित्रे सांगतात. जात पाहून आळ घेतला तो माणसांनी, आणि साक्षीला उभा राहिला तो विठोबा. आज महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीवर आपण माथा टेकतो. तो टेकताना आपण कोणाच्या बाजूचे, हे मनाला विचारावे.

चोराला दंड नको, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पोलीस हवेत, न्यायालय हवे, राज्याचे रक्षण हवे. सेवालाल महाराजांनीही चोरी करू नका, असेच तांड्याला शिकविले. परंतु दंड कर्माला असावा, जन्माला नसावा. निरपराध्याला संशयाने वेढले की खरा चोर मोकळा राहतो, आणि ज्यांनी देशाची रसद वाहिली ते देशातच परके होतात.

तेव्हा वारकरी हो, दिंडीत काही हरवले तर आधी आपली पडशी झाडावी. मग आपले मन झाडावे. हरवलेला लोटा पुन्हा मिळतो. पण त्या माउलीने सोडलेले गाठोडे आमच्या मनात अजून तसेच उघडे पडले आहे.

रामकृष्णहरि!