माया आणि माउली

सज्जनहो, आपल्या भाषेत 'माया' हा एकच शब्द दोन कामे करतो. कीर्तनात बुवा सांगतात, "माया सोडा, मायेनेच जीव संसारात गुंततो." त्याच संध्याकाळी घरी आजेसासू नातसुनेचे कौतुक करते, "लेकरावर फार माया हो हिची!" एक माया टाकायची आणि दुसरी वाखाणायची. मांडीवर दीड-दोन वर्षांचा मुलगा घेऊन कीर्तनाच्या कडेला बसलेल्या आईने यातून काय समजावे? लग्नाआधी तिचा हरिपाठ कधी चुकत नसे. आता पाठ सुरू केला की पोर उठते, एकादशीला देवळात जावे तर ते रडते, आणि वारीचे तर नावच काढायला नको. तिला आतून एक रुखरुख लागून राहते, की या लेकरापायी माझा देव मागे पडला का?

हा प्रश्न घरोघरी आहे, पण देवळात तो कोणी विचारत नाही. म्हणून आज आपण त्याचाच विचार करू.

चैत्राचे दिवस आहेत. या दिवसांतला तिचा दिवस डोळ्यांपुढे आणा. पाडव्याला साखरेची गाठी मुलाच्या गळ्यात घातली, ती चोखून चोखून दुपारपर्यंत चिकट झाली आणि अंगाला मुंग्या लागल्या. कडुनिंबाचा मोहोर अंगणात गळतो. ती झाडून गोळा करते, हा मुठी भरभरून पुन्हा पसरतो. कोकिळा ओरडली की हाही ओरडतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. खाली पडलेली कैरी चावतो, तोंड वाकडे करतो आणि पुन्हा चावतो. वाळवणाचे दिवस म्हणून तिने पहाटे उठून चीक शिजवला, कुरडया घातल्या, तर हा त्यांच्यातूनच पाय देत, दोन्ही हात पसरून तिच्याकडे येतो. रागवायला जावे तर हसतो. शेतात काढणी-मळणी असली तर झाडाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधायची आणि हात कामात, कान झोळीकडे ठेवायचे. दुपारी तिचा डोळा लागतो, तोसुद्धा पाळण्याची दोरी हातात धरूनच.

या दिवसात भक्ती कुठे आहे, असे आपण विचारतो. संतांनी मात्र भक्ती कशी असते ते समजावताना नेमका हाच दिवस दाखवला. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात नामदेवरायांची पदे आहेत हे आपण जाणतोच. त्यांतल्या एका पदात चित्त देवाकडे कसे असावे याचे दाखले येतात. पतंग उडवणारी मुले आपसांत बोलतात, पण लक्ष दोरीवर असते. पाण्याला गेलेल्या बायका हसत-बोलत येतात, पण लक्ष घागरीवर असते. गाय दूर रानात चरते आणि तिचे चित्त वासरापाशी असते. शेवटी येते ती आई. बाळ पाळण्यात आहे, ती घरच्या कामात आहे आणि तिचे चित्त बाळापाशी आहे. नामदेवरायांना आपले चित्त रामाच्या ठायी तसे हवे होते. म्हणजे ज्या अवस्थेसाठी साधक वर्षानुवर्षे माळ ओढतो, ती अवस्था या बाईच्या घरात रोजची आहे. तिला एकाग्रता शिकवायला आपण कोण?

कोणी म्हणेल, महाराज, दाखला तो दाखलाच. तिचे चित्त लेकराकडे आहे, देवाकडे नाही, आणि तेही 'माझे लेकरू' म्हणून आहे. यालाच तर मोह म्हणतात. आक्षेप खोटा नाही. पण भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ आठवा. मरणाच्या वेळी त्याने 'नारायणा' अशी हाक मारली ती धाकट्या मुलाला, आणि ती पुत्रमोहानेच मारली. तरीही ते नाम वाया गेले नाही. आपल्याकडे मुलांची नावे विठ्ठल, ज्ञानेश्वर, तुकाराम, नामदेव अशी उगीच ठेवत नाहीत. दिवसातून शंभर वेळा "ज्ञाना, इकडे ये," "विठ्ठला, माती खाऊ नको" म्हणणारीच्या तोंडी नाम नाही, असे म्हणायला धीर होईल का?

आणि संतांनी देवासाठी निवडलेला शब्दही पाहा. राजा, स्वामी, दाता असे कितीतरी शब्द होते. वारकऱ्यांच्या ओठी बसला तो 'माउली'. विठ्ठल माउली, ज्ञानोबा माउली, आणि वारीत शेजारून चालणारा अनोळखी माणूसही माउलीच. जनाबाईंनी तर कडेवर, खांद्यावर मुले घेतलेला विठोबा पाहिला. आईची माया निव्वळ बंधन असती, तर परब्रह्माला आईचे नाव कोणी दिले नसते.

मग मोह कुठे सुरू होतो? माया किती आहे यावरून ते ठरत नाही. मायेला कुंपण कधी पडते, ते पाहावे लागते. पैठणची गोष्ट आपल्या सर्वांना ठाऊक आहे. भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एक लहान पोर रडत होते. ज्यांना तेव्हा कोणी शिवत नसे अशा घरचे ते लेकरू. एकनाथमहाराजांनी ते उचलले, पुसले, कडेवर घेतले आणि त्याच्या घरी पोहोचवले. त्या घटकेला नाथ त्या लेकराची आई झाले. स्वतःच्या पोराचा भाजलेला पाय पाहून कोणाचेही काळीज हलते. दुसऱ्याच्या पोरासाठी ते हलले की समजावे, 'माझे' गळाले आणि माया तेवढी उरली. शेजारच्या पोराला आपल्या ताटातला घास देणारी, कामावरच्या बाईचे मूल आपल्याच पाळण्यात निजवणारी आई ही पायरी चढलेली असते. पोथी तिने उघडली असेल वा नसेल.

दुसरी कसोटी ते मूलच घेते. दुसऱ्या वर्षात पाऊल टाकलेला मुलगा आईचे बोट धरून चालतो आणि एक दिवस ते सोडून देतो. चार पावले जातो, पडतो, मागे वळून पाहतो. त्या वेळी धावत जाऊन उचलायचे नाही, नुसते तिथे असायचे, हे तिला जमवावे लागते. वैराग्याचा याहून अवघड धडा कोणत्या मठात मिळतो? लेकरू आपल्याजवळ दिलेले आहे, आपल्या मालकीचे नाही, हे तिला त्या चार पावलांत कळू लागते.

आता एक अवघड गोष्ट. गोरोबाकाकांची कथा आपण किती वेळा ऐकली आहे! घरधनीण पाण्याला गेली, जाताना लेकराकडे लक्ष ठेवायला सांगून गेली. काका चिखल तुडवता तुडवता नामात रंगले आणि लेकरू पायांखाली आले. कथा सांगताना आपण काकांच्या तल्लीनतेवर बोलतो आणि लगेच पंढरीच्या कीर्तनाशी पोहोचतो. मधला काळ त्या आईचा आहे, तिथे आपण फार थांबत नाही. थांबून पाहा. भक्ताचे लेकरू म्हणून ते परस्पर वैकुंठाला गेले, एवढ्यावर कथा संपत नाही. ते लेकरू आईच्या पदरात परत येते, तेव्हा ती पुरी होते. तिचे रडणे देवाने अज्ञान म्हणून बाजूला सारले नाही, त्याला उत्तर दिले.

तिने मागितले होते ते किती थोडे! पाणी आणेपर्यंत लक्ष ठेवा. आजही लहान लेकराची आई घरच्यांकडे एवढेच मागते. काकांचे भान नामात हरपले, ती अवस्था त्यांची. आपले भान कशात हरपते? हातातल्या मोबाईलमध्ये, पारावरच्या गप्पांत. त्याला तल्लीनतेचे नाव देऊन सुटता येत नाही.

म्हणून हा लेख त्या आईइतकाच तुम्हा-आम्हांसाठी आहे. चैत्र शुद्ध नवमीला दुपारी बारा वाजता आपण रामाचा पाळणा हलवतो. दोरीला हात लागावा म्हणून दाटी करतो, सुंठवडा वाटतो. त्याच मंडपात एखादे पोर रडले की चार जण मागे वळून पाहतात आणि त्याची आई मान खाली घालून बाहेर जाते. पाळण्यातला राम आपल्याला चालतो, कारण तो रडत नाही. दोनच दिवसांनी चैत्री एकादशी येते. घरातली कर्ती माणसे पंढरीला निघतात आणि मुलाला घेऊन ती मागे राहते. सावतोबा आपल्या मळ्यातच राहिले, देव अरणला त्यांच्या भेटीला गेला, असे आपण अभिमानाने सांगतो. मग मागे राहिलेल्या या बाईकडेही देव येत असेल, एवढा विश्वास आपण तिला का देऊ नये?

देव तिच्याकडे येईल, पण आपले काम उरतेच. घरातल्या कोणीतरी रोज अर्धा तास मूल सांभाळावे आणि तिला हरिपाठाला बसू द्यावे. सप्ताहात मंडपाच्या एका बाजूला सतरंजी टाकून लेकुरवाळ्या बायकांना मोकळी जागा ठेवावी आणि कोणी रडले तरी मागे पाहू नये. अंगावर पिणाऱ्या लेकराच्या आईने उपास सोडला तर तिला पुण्याचा हिशेब सांगू नये. तिच्या दुधावर एक जीव वाढतो आहे.

आणि हे वाचणाऱ्या माउली, तुझ्यासाठी एवढेच. ज्ञानोबारायांनी अठराव्या अध्यायात सांगितले, की वाट्याला आलेले कर्म हीच ईश्वराची पूजा होते. तुझ्या वाट्याला हे लेकरू आले आहे. पाठ मध्येच तुटला तर उठ, त्याला घे आणि राहिलेला पाठ त्याला थोपटताना म्हण. लहान पोराला ओळी कळत नाहीत, पण कोणत्या आवाजात आपण निजलो ते त्याच्या अंगात राहते. मोठेपणी त्याला नामाची गोडी लागली, तर तिची सुरुवात कुठे झाली हे त्यालाही आठवणार नाही.

रामकृष्णहरि.