शेवटच्या माणसाचा हिशेब

जगातला न्याय किती स्वस्त असतो हे पाहावयाचे असेल, तर हॉकीच्या गोलरक्षकाची कारकीर्द पाहावी. पुढच्या फळीतील खेळाडूने दहा संधी दवडल्या आणि एक साधली, तर साधलेलीच लोकांच्या ध्यानात राहते. गोलरक्षकाने दहा चेंडू अडवले आणि एक सुटला, तर सुटलेलाच ध्यानात राहतो. हा हिशेब कोणत्या नीतीत बसतो, हा प्रश्न आम्हांस बरेच दिवस पडलेला आहे.

शंकर लक्ष्मण यांचेच उदाहरण घ्या. महूचे हे गृहस्थ मराठा लाइट इन्फंट्रीत होते. तेव्हा त्यांच्याविषयी आम्हांस किंचित अधिक आपुलकी वाटली, तर वाचकांनी ती क्षम्य मानावी. १९५६, १९६० व १९६४ या तिन्ही ऑलिंपिकांत ते भारताचे गोलरक्षक होते आणि तिन्ही वेळा अंतिम सामना पाकिस्तानशीच झाला. मेलबोर्नला भारत १–० ने जिंकला. त्या साऱ्या स्पर्धेत भारतावर एकही गोल झाला नाही. टोकियोलाही १–० असाच विजय. मधल्या रोमच्या सामन्यात नसीर बुंदा यांनी गोल केला आणि १९२८ पासून भारताकडे असलेले सुवर्णपदक गेले. तीन अंतिम सामन्यांत मिळून एकच गोल! रोमला आपल्या पुढच्या फळीस एकही गोल करता आला नाही. आणखी एका शून्याने लक्ष्मण यांची कर्तबगारी वाढली असती काय? वाढला असता तो केवळ पदकाचा रंग.

फळाची आशा धरू नये, असे गीतेने कर्म करणाऱ्यास सांगितले. पाहणाऱ्याने फळावरूनच त्याचा न्याय करावा, असे मात्र कोठेही सांगितलेले नाही. पण आम्ही पहिला उपदेश दुसऱ्यास करतो आणि दुसरा अधिकार स्वतःकडे ठेवतो.

यावर कोणी म्हणेल, जागा पत्करली की जागेचा दोषही पत्करला. हे अर्धेच खरे. जागेबरोबर जाब देण्याचे दायित्व येते. पाप येत नाही. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत भारत पाकिस्तानकडून १–७ असा हरला, तेव्हा गोलरक्षक मीररंजन नेगी यांस 'सात गोल कसे झाले?' असे विचारणे रास्तच होते. पण त्यांच्या निष्ठेवरच संशय घेतला गेला. बचावाची फळी कोठे होती, हे विचारण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. कचेरीतही मसुदा पाच सह्यांतून जातो आणि चूक निघाली की ज्याची सही शेवटची, त्याचेच नाव पुढे येते. आमच्या वाचकांस हे सांगण्याची गरज नाही.

लक्ष्मण कर्णधार असताना, १९६६ साली, भारताने बँकॉकला आशियाई सुवर्ण मिळवले. ते पुन्हा मिळण्यास बत्तीस वर्षे लागली. १९९८ साली, त्याच बँकॉकमध्ये. त्या संघाच्या गोलरक्षकांना शिकवावयास नेगी होते. पायाच्या गँगरीनने जर्जर झालेले लक्ष्मण २००६ साली महूलाच वारले.